पायांवाचून पळणारं क्रियापद

षटकार बसतो तेव्हा कुणीच पळत नाही. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो, फलंदाज बॅटवर रेलून त्याच्याकडे बघत राहतो, समोरच्या टोकाचा जोडीदार रमतगमत येऊन मुठीवर मूठ टेकवतो आणि धावफलकावर सहा ‘रन’ चढतात. उलट चेंडू बॅटला न लागता पॅडला लागून गेला आणि दोघं जीव खाऊन तीनदा पळाले, तर त्या तीन धावा फलंदाजाच्या खात्यात जातच नाहीत. अवांतर म्हणून वेगळ्या मांडल्या जातात. पळणं आणि ‘रन’ यांची फारकत क्रिकेटने केव्हाच करून टाकली आहे. 18व्या शतकात इंग्लंडमधल्या गावांत सामने व्हायचे तेव्हा धावा मोजणारा माणूस काठीवर चाकूने खाचा पाडायचा, आणि धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, असंच म्हणायचे. पुढे काठी गेली, वही आली, खाच मागे पडली आणि ‘रन’ तेवढा उरला.

मराठीने त्याची ‘धाव’ केली, ‘रन आऊट’चा ‘धावबाद’ केला आणि आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी हे शब्द घराघरांत नेले. त्याच ओघात ‘धावतं समालोचन’ आलं, ज्यात समालोचक खुर्चीवरून उठत नाही. विमानांसाठी ‘धावपट्टी’ झाली. पण ‘रन’ला ‘धाव’ म्हणून आपलं भागतं ते अशा मोजक्या ठिकाणीच. नाक, नळ, रस्ता, कारखाना, ताप, बँक, निवडणूक यांतलं काहीही या क्रियापदाच्या शेजारी येऊन बसलं, की ‘धावणे’ हात टेकतं.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांच्याकडे या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिण्याचं काम आलं होतं. एका शब्दासाठी त्यांचे नऊ महिने गेले. 2011 साली नोंद पुरी झाली तेव्हा अर्थ भरले 645. कोशातल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाला तेव्हा इतके अर्थ नव्हते. हा मान आधी ‘सेट’कडे होता. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे नुसत्या क्रियापदाचेच 430च्या आसपास अर्थ होते आणि ती एक नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती, एवढ्या शब्दांत मराठीत एक बरी कादंबरी होते. तिसऱ्या आवृत्तीचं काम ‘एम’ या अक्षरापासून सुरू झालं, म्हणून 2000 साली ‘मेक’ने ‘सेट’ला मागे टाकलं, 2007 साली ‘पुट’ने आणि मग ‘रन’ने. मधल्याच अक्षरापासून सुरुवात का, तर पहिल्या आवृत्तीत सुरुवातीची अक्षरं करताना संपादकांची पद्धत अजून बसायची होती आणि ‘एम’पर्यंत येता येता ती पक्की झाली होती. बसलेल्या घडीवर नवं काम चढवणं सोपं.

ही पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण 645 हा आकडा तिच्यातूनच निघतो. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने 1857 साली नव्या कोशाचा विषय हाती घेतला आणि 1879 साली जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारली आणि तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असं भारदस्त नाव दिलं. जगभरचे हौशी वाचक पुस्तकं वाचायचे, एखादा शब्द लक्षात राहील असा वापरलेला दिसला की कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर तो शब्द, ते संपूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल लिहून पोस्टाने पाठवायचे. टपाल इतकं व्हायचं की ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर मरे राहायला गेल्यावर टपाल खात्याने त्यांच्या दारातच पेटी बसवली. आलेल्या चिठ्ठ्या खोलीतल्या कप्प्यांत लागत. मग एखाद्या शब्दाची पाळी आली की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर काढायच्या, वाचायच्या आणि ज्यांत शब्द एकाच अर्थाने आला आहे असं वाटेल त्यांचा एक ढीग करायचा. जितके ढीग, तितके अर्थ. प्रत्येक ढिगात साल लावून चिठ्ठ्या रचल्या की तो अर्थ कधी आला आणि कधी बंद पडला, हेही दिसतं.

क्रियापद छोटं असलं की हे काम जिवावर येतं. पहिल्या आवृत्तीत ‘सेट’ संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला होता. त्याचे मुख्य विभागच 154 झाले. त्यांतल्या शेवटच्या ‘सेट अप’ या जोडीच्या पोटअर्थांना खुणा द्यायला इंग्रजीची 26 अक्षरं पुरेनात, म्हणून पुन्हा जोडअक्षरांनी सुरुवात करून ‘आर-आर’पर्यंत जावं लागलं. ‘फोटोसिंथेसिस’सारख्या अवघड शब्दाला असा त्रास नाही. त्याचा अर्थ एक, तो कळला की विषय मिटला. पोरंही बोलतात ते शब्दच कोशकाराचा घाम काढतात. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी 1945 साली याची आकडेमोड मांडली: शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते.

आता ‘रन’कडेच येऊ. हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत त्याची दोन रूपं सापडतात, ‘रिनन’ आणि ‘इर्नन’. दुसऱ्यात ‘र’ने जागा बदलली आहे. ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. जर्मनमध्ये याच कुळातली दोन क्रियापदं आजही शेजारी शेजारी नांदतात: ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणं, झिरपणं, वाहणं. इंग्रजीत मात्र दोघांचा संसार एकाच शब्दात झाला. म्हणून ‘रन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाय येतात, पण या शब्दाच्या रक्तात पायांइतकंच पाणी आहे.

एकदा हे ध्यानात आलं की विस्कळीत दिसणारे कितीतरी अर्थ एका रांगेत येऊन बसतात. नदी ‘रन’ करते, नळ ‘रन’ करतो, नाक ‘रन’ करतं, पावसात पत्त्यावरची शाई ‘रन’ करते, पहिल्या धुण्यात नव्या साडीचा रंग ‘रन’ करतो, मेणबत्तीचं मेण ‘रन’ करतं. टबात आंघोळीचं पाणी सोडायचं असेल तर आंघोळ ‘रन’ करतात. मराठीला इथे एक क्रियापद पुरत नाही आणि तिला त्याची गरजही वाटत नाही. नदी वाहते, नळ चालू राहतो, नाक गळतं, शाई फुटते, साडीचा रंग जातो, मेण ओघळतं, पाणी सोडतात. आपल्याला काय वाहतंय आणि कसं वाहतंय हे वेगळं सांगायचं असतं. इंग्रजी सगळ्यांची मोट एकत्र बांधते आणि तपशील नामावर सोडून देते.

यातला माझा आवडता धागा दुधाचा आहे. चीज करताना दूध नासवायला, म्हणजे घट्ट करायला, जो पदार्थ घालतात त्याला इंग्रजीत ‘रेनेट’ म्हणतात. परंपरेने तो दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. त्यातल्या कायमोसिन नावाच्या विकरामुळे दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि चोथा-पाणी वेगळं होतं. हा ‘रेनेट’ आपल्या ‘रन’चाच नातलग आहे. जुन्या इंग्रजीत दूध ‘रन’ झालं म्हणजे ते एकत्र आलं, गोठलं. म्हणजे जो शब्द पातळ होऊन पसरण्यासाठी आहे, तोच घट्ट होण्यासाठीही होता. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला हे खपणार नाही, पण दुधाचे कण ‘धावून एकत्र येतात’ असं पाहिलं की गवळ्याला खपतं.

पाण्याकडून पुढे न हलणाऱ्या गोष्टींकडे. इंग्रजीत रस्ता ‘रन’ करतो, कुंपण ‘रन’ करतं, भिंतीतून वायर ‘रन’ करते, पाठीवर व्रण ‘रन’ करतो. काहीच हलत नाही. हलते ती बघणाऱ्याची नजर. लिओनार्ड टाल्मी यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी या कल्पित गतीवर बरंच लिहिलं आहे. पण ही खोड फक्त इंग्रजीची नाही. आपलाही रस्ता घाटातून जातो, वाट ओढ्यात उतरते, डोंगराची सोंड नदीपर्यंत येते. फरक इतकाच की आपला रस्ता सावकाश जातो, त्यांचा पळतो.

हा पळणारा रस्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराच्या दुरुस्तीत येऊन बसला आहे, पण आपल्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकघराचा ओटा, गॅलरीचं रेलिंग, कंपाउंडची भिंत यांचा दर विचारला की मिस्त्री सांगतो, ‘रनिंग फुटाला इतके.’ रनिंग फूट म्हणजे नुसत्या लांबीचं माप. रुंदी आणि उंची ठरलेली आहे असं धरायचं आणि काम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिथवर जातं तिथवर टेप लावायचा. फरशीचा दर चौरस फुटावर, ओट्याचा रनिंग फुटावर. ओटा कोपऱ्यात वळला तर कोपरा एकदा मोजायचा की दोनदा यावरून मालक आणि मिस्त्री यांची जी हुज्जत होते, तिच्या मुळाशी हेच आहे की इंग्रजीत ओटा ‘पळत’ कोपऱ्यावरून वळतो. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ही त्याच घराण्यातलं: काम पुरं व्हायच्या आधी, झालेल्या भागापुरतं, टप्प्याटप्प्याने काढायचं बिल. ते किती वेगाने मंजूर होतं हा विषय वेगळा.

645पर्यंत मजल गेली ती मात्र यंत्रांमुळे. वाफेची इंजिनं आली, पट्टे फिरू लागले, गिरण्या उभ्या राहिल्या, रुळांवर गाड्या आल्या. हे सगळं एकसारखं, न थांबता, कुणी हात न लावता चालू राहतं, आणि त्यासाठी इंग्रजीला वाहण्याच्या घराण्यातलं क्रियापद हाताशी होतं. यंत्र ‘रन’ करू लागलं. मग ते कुणीतरी ‘रन’ करायचं, म्हणजे चालू ठेवायचं. यंत्र चालवणारा तो गिरणी चालवणारा, गिरणी चालवणारा तो धंदा चालवणारा. 19व्या शतकात अमेरिकेत धंदा ‘रन’ करणं रुजलं आणि तिथून शाळा, हॉटेल, सरकार सगळंच त्यात आलं. संगणक आल्यावर पुन्हा एक लाट आली. आज हिंजवडीतल्या कुठल्याही कार्यालयात ‘कोड रन होत नाहीये’ हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं आणि ते मराठीच वाक्य असतं. 2011 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या शब्दावर लिहिताना सायमन विंचेस्टर यांनीही यंत्रयुगाचाच हवाला दिला होता. ‘सेट’ हा स्थिरस्थावर काळाचा शब्द आणि ‘रन’ हा धडपडीच्या काळाचा, असा त्यांचा सूर होता. तो मला थोडा ललित वाटतो. ‘सेट’ची नोंद जुनी आहे आणि ‘रन’ची नवी, नव्या नोंदीत शंभर वर्षांची भर पडणारच.

याच यंत्रांसमोर मराठीने काय केलं ते पाहा. मराठीत यंत्र पळत नाही, चालतं. पंखा चालू असतो, दुकान चालतं, खटला चालतो, संस्था चालवतात, आणि एखादी गोष्ट फारशी पसंत नसली तरी ‘चालेल’ म्हणून वेळ मारून नेतात. सुरळीत आहे ते सगळं चालणारं. पळायला लागलं की काहीतरी बिनसलं असं समजावं: घड्याळ पाच मिनिटं पुढे पळतं, बाजारात पळापळ होते, दूध उतू जातं तेव्हा आपण पळतो. धावण्याला थोडी प्रतिष्ठा आहे. संकटात देव धावून येतो, आणि वर्तमानपत्रात एसटी नेहमी धावते, मग ती प्रत्यक्षात कशीही जात असो. इंग्रजीने जे काम पळण्याला दिलं ते मराठीने चालण्याला दिलं, आणि हिंदी, गुजरातीनेही तेच केलं. यावरून इंग्रज घाईचे आणि आपण निवांत असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्यांचा शब्द मुळात पाण्याचा होता, आपला पायांचा.

माणसांच्या व्यवहारातले काही अर्थ तर शब्दाच्या नेमके उलटे दिसतात. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो. एकाच भाषेत एकीकडे पळायचं, दुसरीकडे उभं राहायचं, आणि मतं मागायची दोघांनीही. आपल्याकडे संसदीय पद्धत ब्रिटनकडून आली, आणि आपला उमेदवारही निवडणुकीला उभाच राहतो. ‘रिंगणात उतरणं’ आणि ‘दंड थोपटणं’ हे मात्र आपल्या तालमीतलं.

दुसरं उदाहरण बँकेचं. ठेवीदारांचा विश्वास उडाला आणि सगळे एकदम पैसे काढायला आले, तर त्याला ‘बँक रन’ म्हणतात. 14 सप्टेंबर 2007 रोजी ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर लोक जमले. 1866 साली ओव्हरएंड-गर्नी ही पेढी बुडाली, त्यानंतर ब्रिटनमध्ये असा प्रसंग आला नव्हता, असं सांगितलं जातं. छायाचित्रांत दिसतं ते काय, तर माणसं शिस्तीत रांगेत उभी आहेत. पळत कुणीच नाही. पळतो तो पैसा. बँकेने ठेवी दीर्घ मुदतीच्या कर्जांत गुंतवलेल्या असतात, त्यामुळे चांगली बँकसुद्धा सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी देऊ शकत नाही. आणि जो आधी पोचेल त्याला मिळतात. म्हणजे बँक बुडेल अशी नुसती शंका आली तरी रांगेत लवकर लागणं शहाणपणाचं ठरतं, आणि सगळे शहाणे झाले की बँक खरोखर बुडते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी 1983 साली हे गणितात मांडलं आणि 2022 साली बेन बर्नान्की यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

इंग्रजी शिकणाऱ्याला खरा छळ होतो तो ‘रन’च्या मागे लागणाऱ्या बारीक शेपट्यांचा: ‘अप’, ‘डाऊन’, ‘आऊट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’. एकटं ‘डाऊन’ घ्या. बॅटरी ‘रन डाऊन’ झाली म्हणजे उतरली. ट्रकने कुणाला ‘रन डाऊन’ केलं म्हणजे उडवलं. सुनेला सासू ‘रन डाऊन’ करते म्हणजे चारचौघांत नावं ठेवते. पोलीस हरवलेला पत्ता ‘रन डाऊन’ करतात म्हणजे हुडकून काढतात. वाडा ‘रन डाऊन’ आहे म्हणजे मोडकळीला आला. माणूस ‘रन डाऊन’ आहे म्हणजे थकून गळाला. ‘खाली पळणं’ असं भाषांतर कितीही ताणलं तरी सासू त्यात बसत नाही. ‘आऊट’चा खोडसाळपणा वेगळ्या प्रकारचा आहे. आपल्याकडे दूध संपतं. इंग्रजीत दुधातून आपणच ‘रन आऊट’ होतो. संपलं दूध आणि कर्ता घरमालक. मराठी माध्यमातली मुलं ‘मिल्क फिनिश झालं’ म्हणतात त्यात चूक इंग्रजीची असली तरी विचार शुद्ध मराठी असतो: जे संपलं त्यालाच कर्ता करा, माणसाला मध्ये कशाला ओढता.

मग हे 645 खरे का? मला हा आकडा शब्दाबद्दल कमी आणि संपादकाबद्दल जास्त सांगणारा वाटतो. कोशकारांत दोन जाती असतात. एक ढीग एकत्र करणारी, दुसरी ढिगातून ढीग काढणारी. नळाचं वाहणं आणि नाकाचं वाहणं हा एक अर्थ की दोन? प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने 1980च्या दशकात सुरू झालेल्या ‘वर्डनेट’ या संगणकी कोशात क्रियापद ‘रन’चे अर्थ चाळीसच्या आसपास आहेत. चाळीस कुठे आणि 645 कुठे! शब्द तोच, बोलणारी माणसं तीच. ऑक्सफर्डने मेलेले अर्थ, जहाजावरचे अर्थ, शेपट्या आणि वाक्प्रचार सगळे धरले, हे एक कारण. आणि ढीग बारीक पाडले, हे दुसरं.

अर्थ वेगळे आहेत की नाही हे तपासायची एक गमतीदार कसोटी भाषाशास्त्रज्ञ वापरतात, आणि ती मराठीत घरबसल्या करून बघता येते. एकाच क्रियापदाला दोन नामं जोडायची. ‘त्याने भाकरी आणि आंबा खाल्ला’ हे सरळ आहे, कुणी हसत नाही. ‘त्याने सकाळी भाकरी खाल्ली आणि दुपारी मार’ म्हटलं की हसू येतं. हसू आलं तिथे अर्थाचा सांधा आहे. इंग्रजीत ‘ती पहाटे मॅरेथॉन आणि दिवसभर कंपनी रन करते’ हे वाक्य असंच ओठांवर हसू आणतं. पण सगळीकडे हसू इतकं स्पष्ट येत नाही. ‘त्याने पैसे आणि डोकं खाल्लं’ याला अर्धे हसतील, अर्धे ‘बरोबरच आहे’ म्हणतील.

जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे गृहस्थ ऐन उमेदीची वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, 1919 ते 1928. ‘रन’च्या एकेका शेपटीवर तिथल्या विद्यार्थ्यांची दमछाक त्यांनी पाहिली नसेल असं होणार नाही. पुढे बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी फर्थचं हे सूत्र संगणकावर चढवलं. त्यांच्या गटाने लाखो शब्दांचा खराखुरा मजकूर साठवून त्यावरून 1987 साली कोबिल्ड हा शिकणाऱ्यांसाठीचा कोश काढला. त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं ते हे की अगदी रोजच्या क्रियापदांना स्वतःचं वजन फार कमी असतं. ती शेजारच्या नामाचं ओझं उचलतात. म्हणूनच इंग्रजाला 645 अर्थ पाठ नसतात आणि तरी तो अडत नाही. पुढे ‘नोज’ आला की वाहणं, ‘बिझनेस’ आला की चालवणं, ‘टेम्परेचर’ आलं की ताप. कोशकाराने वेगळे काढलेले ढीग बोलणाऱ्याच्या डोक्यात तसे ढीग म्हणून नसतातच.

असं मोजकाम आपल्याकडेही चालू आहे, मराठीचं नाही तरी पुण्यात. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी 1948 साली ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत महाकोशाचा घाट घातला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. त्या ठेवलेल्या दालनालाही ‘स्क्रिप्टोरियम’च म्हणतात. पहिला भाग 1976 साली छापून आला आणि आजवरचे खंड ‘अ’ या अक्षराच्या हद्दीतच आहेत. ऑक्सफर्डला एका ‘रन’साठी नऊ महिने लागले याचं कौतुक पुण्यात फारसं कुणी करणार नाही.

मराठीत ‘रन’च्या तोडीचं क्रियापद कोणतं, असं विचारलं तर माझं मत ‘चालणे’ला नाही. ‘करणे’ आणि ‘मारणे’ही मागे पडतील. माझं मत ‘लागणे’ला. मोल्सवर्थने 1831 साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात ‘लागणे’ काढून बघावं. साहेब आणि त्याच्या मदतीचे पंडित दोघंही या शब्दाशी चांगलेच झुंजलेले दिसतात. पुढे 1930च्या दशकात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानेही त्याला भरपूर जागा दिली. या कोशांनी दाखले दिले, पण प्रत्येक अर्थाच्या ढिगाला साल लावून तो कधी जन्मला हे ऑक्सफर्डच्या धर्तीवर सांगणारा कोश मराठीत नाही. त्यामुळे ‘लागणे’चा नेमका आकडा सांगायची सोय नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे.

आपल्यापुरते ढीग पाडायला मात्र कुणाची हरकत नाही. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. दरवाजा लागतो, दिवे लागतात, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागतं. घराला वेळ लागतो, पैसा लागतो, माणसं लागतात. रस्त्यात मारुतीचं देऊळ लागतं. बोलणं मनाला लागतं, आंबा आंबट लागतो, फणस झाडाला लागतो, गाणं रेडिओला लागतं, आणि हा माझा कोण लागतो ते आजीच सांगू जाणे. मूल रडू लागतं तेव्हा हेच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या मागे जाऊन नुसती सुरुवात दाखवतं आणि स्वतःचा अर्थ सोडून देतं. परभाषकाला मराठी शिकवणाऱ्याने एकदा ही यादी फळ्यावर लिहून बघावी. ‘रन’वरून इंग्रजीला नावं ठेवणारा त्या दिवसापासून जरा जपून बोलेल.

आणि हे सगळे अर्थ ज्याला येतात त्याचीही कधी कधी पंचाईत होते. स्टँडवर ‘गाडी लागली’ असं कुणी ओरडलं तर एसटी फलाटाला लागली आणि आता रुमाल टाकायला धावायचं. तीच गाडी घाटातल्या वळणांवर असेल तर ‘गाडी लागली’ म्हणणाऱ्याला खिडकीजवळ जागा द्यायची आणि पिशवीत लिंबू आहे का ते बघायचं. गाडी घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलेली असेल, तर तोंडाकडे पाहिल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही.